आतला अडसर, बाहेरचे कुलूप

जुन्या नाशकात, तांबट गल्लीच्या मागच्या अंगाला आमचे आजोळ आहे. म्हणजे वाडा आहे, आजोळ म्हणावे असे त्यात आता कोणी उरलेले नाही. काही वर्षांपूर्वी मामींनी गंगापूर रस्त्यावरच्या सदनिकेत राहायला जायचे ठरवले. सामान हलले, देव हलले, आणि अगदी शेवटी वाड्याला कुलूप घालण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या लक्षात आले की मोठ्या दरवाजाला बाहेरून कुलूप लावायला जागाच नाही. बाहेरच्या अंगाला कडी नव्हती, कोयंडा नव्हता. होते ते नुसते सागवान आणि त्यावर ओळीने ठोकलेले लोखंडी फुलांचे खिळे. आम्ही दरवाजासमोर हातात नवे कोरे कुलूप घेऊन उभे राहिलो. मामी म्हणाल्या, "अरे, हे घर कधी रिकामं असायचं का, बाहेरून कुलूप लावायला?"

शेवटी सुताराला बोलावणे धाडले. त्याने दीडएकशे वर्षांच्या त्या लाकडाला गिरमिटाने भोके पाडली, कडी-कोयंडा बसवला आणि वाडा कुलूपबंद झाला. त्या दुपारपासून कुलूप या वस्तूकडे आम्ही जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. अडसर हा घरात असलेला माणूस घालतो आणि कुलूप हे घर सोडून जाणारा माणूस लावतो. दोन्हींचे काम दार बंद ठेवण्याचे. पण एक दाराआड माणूस असल्याची खूण आहे आणि दुसरे नसल्याची. नाशकातल्या दारांचा इतिहास या दोन खुणांमध्ये बराचसा मावतो असे आम्हांस वाटते.

अडसराची रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर चौकोनी भोके असतात. एका बाजूचे भोक खोल, जवळजवळ दरवाजाच्या रुंदीइतके. दुसऱ्या बाजूचे वीतभर. दिवसा तो चौकोनी वासा खोल भोकात पूर्ण ढकललेला असे, त्याचे नुसते टोक दिसे. रात्री तो ओढून दोन्ही फळ्यांच्या पाठीमागून समोरच्या भोकात सरकवायचा. दरवाजावर बाहेरून पडणारा रेटा अशा वेळी बिजागरीवर किंवा खिळ्यावर न येता थेट भिंतीवर जाई, आणि भिंत हातभर जाडीची. या रचनेत फिरणारा भाग नाही, गंजणारी कमान नाही, हरवणारी किल्ली नाही. एकच अट आहे: आत कोणीतरी असले पाहिजे. मोठ्या दरवाजाच्या पोटातली दिंडी, जिच्यातून वाकूनच आत यावे लागे, आणि तिच्यालगतची देवडी हीसुद्धा त्याच अटीची अंगे होत. वाकून आत शिरणाऱ्याचा चेहरा देवडीवरच्या माणसाला आधी दिसे. ही सगळी व्यवस्था धातूपेक्षा माणसांवर जास्त विसंबून होती.

याचा अर्थ कुलपे नव्हती असा नव्हे. लहान घरांच्या दारांना चौकटीच्या वरच्या पट्टीत अडकणारी साखळी असे आणि गावाला जाताना तिला कुलूप लागे. वाड्यात तर कुलपे पुष्कळ होती, पण ती आतल्या दारांना. धान्याची कोठी, फडताळ, दागिन्यांची पेटी, दस्तऐवजांचा संदूक यांना कुलपे असत आणि किल्ल्यांचा जुडगा घरातल्या थोरल्या बाईच्या कमरेला. बाहेरच्या चोरासाठी अडसर पुरेसा असताना ही आतली कुलपे कोणासाठी होती? सुनांसाठी, मुलांसाठी, कामकऱ्यांसाठी, आश्रयाला आलेल्या विधवा नातेवाईक स्त्रियांसाठी. जुडगा सासूकडून सुनेकडे जाणे हा घरातला सत्तांतराचाच क्षण असे. भरल्या घराच्या आठवणी काढताना आपण हे विसरतो. तिथे दरवाजावर विश्वास होता, पण कोठीवर नव्हता.

या वस्तूंची मराठी नावेही पाहण्यासारखी आहेत. 'आगळ' हा संस्कृत 'अर्गला'चा वंशज. तो दार आतून लावणाऱ्या दांड्याचा शब्द. 'कुलूप' हे अरबी 'कुफ्ल'चे अक्षरे उलटीपालटी होऊन आपल्याकडे रुळलेले रूप. 'चावी' पोर्तुगिजांकडून आली. 'लॅच' इंग्रजांकडून. ज्या ज्या परकीयाशी आपला व्यवहार झाला त्याने दार बंद करण्याचा एक शब्द आपल्या पदरात टाकला.

यांपैकी शेवटच्या परकीयाचे राज्य नाशकावर आले ते १८१८ साली. पेशवाई बुडाली आणि तिच्याबरोबर नासक हिरा इंग्रजांच्या हाती पडला. हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या शिवलिंगाच्या अलंकारांत होता असे परंपरा सांगते. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीनंतर विजेत्यांच्या लुटीत गेला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांच्या हातून तो पुढे गेला आणि १८३७ साली वेस्टमिन्स्टरच्या उमरावाच्या घराण्यात पोहोचला. नाशिकच्या नावाची सर्वांत मोलाची वस्तू कोणा चोराने कुलूप फोडून नेली नाही. राज्यच गेले, तेव्हा कुलपाचा प्रश्न उरला नाही.

योगायोग असा की, त्याच १८१८ साली इंग्लंडात जेरमाया चब याने एका नव्या कुलपाचे एकस्व घेतले. आदल्या वर्षी पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली होती, आणि स्वतःच्या किल्लीशिवाय उघडणार नाही अशा कुलपासाठी सरकारने बक्षीस लावले होते. चबच्या कुलपात खोटी किल्ली फिरवली की आतली एक पट्टी अडकून बसे, आणि कोणीतरी हात लावून गेला हे मालकाला कळे. त्याआधी ब्रामा नावाच्या कारागिराने लंडनमधील आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ते उघडणाऱ्यास २०० गिनी देऊ केल्या होत्या. सुमारे साठ वर्षे कोणाला ते जमले नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपकार आला. चबचे कुलूप त्याने २५ मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपाला सोळा दिवसांत विभागून ५१ तास लागले, पण तेही उघडले. इंग्लंडात यावर मोठा गहजब झाला. त्यातून निघालेला बोध मात्र साधा होता आणि आजही तोच खरा आहे. न उघडणारे कुलूप नसते. चांगले कुलूप चोराचा वेळ खाते, इतकेच. आणि चोराजवळ ५१ तास नसतात.

आपल्याकडे कुलपाचा धंदा आधी अलीगढच्या कारागिरांनी नावारूपाला आणला. मुंबईत वकिली सोडून कारखानदारीकडे वळलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागेत कुलपे करायला आरंभ केला. पुढे त्यांच्या कारखान्याने तिजोऱ्याही केल्या, आणि स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लक्षावधी मतपेट्या. त्या पेट्यांना बाहेरून कुलूप लावणे महाग पडत होते, म्हणून कुलपाची रचना पेटीच्या आतच करण्यात आली. अडसराचीच ती आठवण म्हणायची.

पण नाशकात त्याआधीच एक दार असे बंद झाले होते, की ज्याचा चोराशी काहीही संबंध नव्हता. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या आवाराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिराशी पोहोचली, तेव्हा दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, तेथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही येऊन बसले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षे लावून धरला. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. न उघडणारे दार ठोठावत राहण्यापेक्षा ते घरच सोडण्याचा तो निर्णय होता.

कुलपांच्या इतिहासात हा प्रसंग का सांगावा, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, दार बंद करण्याची प्रत्येक कृती 'आतले कोण आणि बाहेरचे कोण' या प्रश्नाचे उत्तर देत असते. कोठीच्या कुलपाने ते सुनेविरुद्ध दिले, मंदिराच्या दरवाजाने माणसांच्या एका मोठ्या समूहाविरुद्ध. ज्या आजोळच्या भरल्या घराचे आम्ही वर कौतुक केले, त्याच्या दिंडीतूनही सगळ्यांना वाकून आत येता येत नव्हते; काहींनी ओट्याखालीच उभे राहायचे असे. मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला. घरांच्या दारांना तो कायदा लागू नव्हता.

आता बंदोबस्ताच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. पंचवटीपासून काही मैलांवर, नाशिकरोडला, देशातल्या सर्वांत कडेकोट दारांपैकी काही आहेत. १९२५ च्या सुमारास येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपालाची तिकिटे इकडे छापली जाऊ लागली. १९२८ साली शेजारी नोटांचा छापखाना उभा राहिला. उंच भिंती, पहारे, येताजाता झडती. नाशिकरोडच्या पिढ्या या भोंग्यावर वाढल्या. आणि तरीही अब्दुल करीम तेलगी याचा बनावट मुद्रांकांचा घोटाळा जेव्हा उघडकीस आला, तेव्हा या प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रे त्याच्या हाती गेल्याचे तपासात पुढे आले. २००१ साली त्याला अटक झाली, पुढे शिक्षा झाली आणि २०१७ साली कैदेत असतानाच तो वारला. त्याने एकही भिंत ओलांडली नाही, एकही कुलूप फोडले नाही. जे दार किल्ली असणाऱ्यांच्या संमतीने उघडते, त्याला फोडावे लागत नाही. गोदीतल्या खोट्या किल्ल्यांपासून मुद्रांकांपर्यंत कथा तीच आहे: कुलूप टिकते, किल्ली फितूर होते.

मग अडसर गेला कसा? तोही कोणी तोडला नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानंतर वाड्यांची भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. एकेका वाड्यात सातआठ बिऱ्हाडे झाली, प्रत्येकाचे आपापले दार, आपापली कडी. कोणी रात्रपाळीला जाणारा, कोणी पहाटे दूध आणणारा; मोठा दरवाजा मग रात्रंदिवस उघडाच राहू लागला आणि अडसर भिंतीच्या भोकात कायमचा जाऊन बसला. साठच्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत आली, पाठोपाठ अंबड. नवराबायको दोघेही कामावर, मुले शाळेत, असे घर नाशकात प्रथमच मोठ्या संख्येने दिसू लागले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा रिकामे असणारे घर. त्याला अडसर चालत नाही. त्याला बाहेरून लागणारे कुलूपच हवे.

नाशकाहून शिर्डीमार्गे यात्रेला जाणारी माणसे पुढे शनिशिंगणापूरला जातात आणि दारे नसलेली घरे पाहून थक्क होतात. चौकटी आहेत, फळ्या नाहीत. चोराला शनिदेव पाहून घेईल ही श्रद्धा. आम्हांस त्या श्रद्धेइतकेच तिच्याभोवतीच्या तडजोडींचे कुतूहल वाटते. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तेथे आपली 'बिनकुलपाची' शाखा उघडली: काचेचे दार, आणि गावाच्या भावनेला धक्का लागू नये म्हणून नजरेस न पडणारे विद्युतचुंबकीय कुलूप. त्याच सुमारास गावात चोऱ्यांच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या, आणि २०१५ साली पोलीस ठाणे आले. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तेथे दार नसले तरी चालते. दररोज हजारो अनोळखी माणसे येऊ लागली की देवालाही मदतनीस लागतो. वाड्याची देवडी आणि शिंगणापूरची फळी नसलेली चौकट यांत एक नाते आहे: दोन्हींचा भरवसा शेजारच्या डोळ्यांवर.

असो. मामींच्या सदनिकेकडे वळू. तेथे दाराला आधीच एक झुळझुळीत लॅच होते. राहायला गेल्यावर पंधरवडाभरातच, गॅसवर दूध ठेवून त्या कचरा द्यायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार मागे आपटले. किल्ली आत, मामी बाहेर. नाक्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावले. त्याने एक पत्र्याची पट्टी फटीतून सरकवली आणि दूध उतू जायच्या आत दार उघडले. मामींना हायसे वाटले. आमच्या पोटात मात्र गोळा आला. दूध उतू जायच्या आत उघडणाऱ्या दाराला बंद दार कसे म्हणावे?

नवे कुलूप निवडताना आम्हांस वाड्याचा आणि हॉब्जचा फार उपयोग झाला. कमानीवर चालणारी तिरकी जीभ हे कुलूप नव्हेच. ती दार वाऱ्याने उघडू नये यासाठी असते. किल्ली फिरवल्यावर चौकोनी दांडा चौकटीत खोलवर जातो आणि मागे ढकलता येत नाही, ते कुलूप. म्हणजे पुन्हा अडसरच, फक्त बोटाएवढा. पण त्याचा रेटा जातो कोठे? हातभर भिंतीत नव्हे, तर पातळ चौकटीवर अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी बसवलेल्या पत्र्यावर. म्हणून कुलपाला जितके पैसे घालावेत तितकेच लक्ष दाराच्या फळीकडे आणि चौकटीकडे द्यावे. स्क्रू लांब घ्यावेत, ते चौकटीतून भिंतीत जातील असे पाहावे. वाड्याच्या दरवाजालाही हाच न्याय. सुताराने बसवलेल्या कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत होते. सात लिव्हरचे कुलूप तसेच लटकत ठेवून कोणीही पेचकसाने कोयंडाच काढून नेला असता. आम्ही ते बदलून आरपार जाणारे बोल्ट घातले आणि नट आतून आवळले.

दुकानदारांचे दुखणे वेगळे. शटरला मधोमध एकच कुलूप असेल तर कडेचा पत्रा वाकवता येतो, म्हणून दोन्ही कडांना जमिनीलगत कुलपे हवीत, आणि मागच्या बोळातले दार विसरता कामा नये. नदीकाठच्या सराफ बाजाराला याहून जुना पाहुणा ठाऊक आहे. १९६९, २००८, २०१६ या सालांत गोदावरी शटरखालून आत आली. तिला किल्ली लागली नाही. तेथे तिजोरी किती भक्कम आहे याइतकेच ती किती उंचावर आहे हेही महत्त्वाचे.

आकडे दाबून उघडणारी नवी कुलपे मामींना आवडली नाहीत, आणि आम्हीही आग्रह धरला नाही. ती वाईट नव्हेत. पण कारखान्यातून आलेला आकडा बदलायचा राहतो, बॅटरी संपते, आणि आकडा कामवाल्या बाईंना, पाहुण्यांना, सगळ्यांना सांगून होतो. किल्लीची नक्कल करायला निदान नाक्यापर्यंत जावे लागते. एक गोष्ट मात्र आम्ही हट्टाने पाहिली. नवे कुलूप आतून किल्लीशिवाय उघडते. रात्री धूर झाला तर म्हाताऱ्या माणसाने अंधारात किल्ली शोधायची नसते.

२०२० च्या टाळेबंदीत, कितीतरी वर्षांनी, सगळ्या नाशकाची सगळी माणसे एकाच वेळी घरात होती. दारे आतून बंद होती. बाहेरून लावायच्या कुलपांना काही आठवडे काम नव्हते. ती आतल्या खुंट्यांवर लटकत होती. मामींनी फोनवर विचारले होते, वाड्याच्या कुलपाला तेल कोण घालत असेल?

आता ते काम समोरच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक करतात. वाड्याची एक किल्ली त्यांच्या गल्ल्यात असते, तशीच मामींच्या सदनिकेची एक किल्ली समोरच्या बिऱ्हाडात. मामींच्या दाराला आज बाजारातले बऱ्यापैकी कुलूप आहे. त्याला उघडायला किल्लीवाल्याचा निदान अर्धा दिवस जाईल. पण सकाळी आठपर्यंत त्यांचे दार उघडले नाही, तर समोरच्या काकू येऊन बेल वाजवतात. वाड्याच्या भिंतीत अडसर अजून आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा ओढून पाहिला. वाळवी लागलेली नाही, पण लाकूड फुगल्याने तो वीतभर येऊन अडतो.